सकाळचंच विमान कशाला?

आपल्याकडच्या भिशी मंडळांत हल्ली एक नवा शब्द रुळला आहे. क्रूझ! पूर्वी बायकांची सहल म्हणजे शेगाव, रामटेक, फार झालं तर तिरुपती नाहीतर जगन्नाथपुरी. देवाच्या नावाने निघालं की घरचे अडवत नसत. आता मात्र धान विकून झालं, घरातली लग्नं आटोपली की कुणीतरी हळूच विषय काढते, "अवो, आपण सगळ्या मिळून जहाजात बसून नाही का जायचं?" मग मोबाईलवरचे फोटो फिरतात. निळं पाणी, डेकवरच्या खुर्च्या आणि रात्रीचे दिवे. ज्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र म्हणजे नवेगाव बांधाचं पाणी एवढंच ठाऊक, तिथल्या बायका मुंबईहून जहाजात बसून गोव्याला, लक्षद्वीपला जाऊ लागल्या आहेत. मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

पण या सहलींची आखणी बघायला बसलं की एक गोष्ट दर वेळी खटकते. जहाजात खोली कोणती घ्यायची, साडी नेसायची की ड्रेस घालायचा, शाकाहारी जेवण मिळतं का, यावर आठ-आठ दिवस चर्चा होते. परत येताना बंदरावरून विमानतळावर कसं पोहोचायचं, हा प्रश्न मात्र कुणी विचारतच नाही. परतीचं तिकीट विचारावं तर ते ठरलेलं असतं. सकाळचं विमान! जहाज सकाळी मुंबईला लागणार आणि त्याच सकाळी नागपूरचं विमान पकडायचं. का? तर संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी पोहोचता यावं म्हणून.

मैत्रिणींनो, मला आज याच सकाळच्या विमानाबद्दल बोलायचं आहे.

आमगावकडच्या आठ जणींची हकीकत सांगते. पापड-लोणच्याच्या गटातल्या बायका. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला काढून त्यांनी ही सहल ठरवली होती. जहाज सकाळी आठला लागणार होतं आणि विमान होतं दहा वाजून दहा मिनिटांचं. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं, "दोन तास आहेत ना ताई, मुंबईतच तर आहे विमानतळ!" आणि जहाज खरंच आठला लागलं, एक मिनिटाचाही उशीर झाला नाही. पण या आठ जणी धक्क्यावरच्या इमारतीतून सामान घेऊन बाहेर पडल्या तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. विमान कंपनीची खिडकी त्याच्या चाळीस मिनिटं आधीच बंद झाली होती. तिकिटाचे पैसे बुडाले. नवी तिकिटं त्या दिवशी परवडणारी नव्हती, म्हणून रात्र मुंबईत काढावी लागली. आणि घरी फोन केल्यावर एकीला काय ऐकायला मिळालं? "म्हणूनच म्हणत होतो, बायकाबायकांनी जाऊ नका."

हे वाक्य मला त्या बुडालेल्या पैशांपेक्षा जास्त महाग वाटतं. पैसे पुन्हा पापड लाटून मिळतील. पण एक विमान चुकलं की त्या गल्लीतल्या दहा बायकांचा पुढचा प्रवास चुकतो. "अमकीचं काय झालं होतं, माहीत आहे ना?" एवढं म्हटलं की विषय संपतो. म्हणून बंदर ते विमानतळ हे साधं गणित आपल्याला नीट मांडता यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

जहाज लागणं म्हणजे उतरणं नव्हे

आपली सवय रेल्वेची. गाडी फलाटावर थांबली की दोन मिनिटांत आपण पिशव्यांसकट खाली. जहाजाचं तसं नसतं. मोठं जहाज बंदराच्या तोंडाशी आलं की बंदराचा माहितगार अधिकारी, ज्याला तिथे पायलट म्हणतात, जहाजावर चढतो आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे ते आत आणलं जातं. मग दोर बांधायचे, शिडी लावायची, तपासणीवाल्यांची परवानगी घ्यायची. यानंतर प्रवासी सोडायला सुरुवात होते, आणि तेही सगळे एकदम नाही. शेकडो माणसं असतात, म्हणून मजल्याप्रमाणे किंवा गटाप्रमाणे बोलावतात.

सामानाची आणखी वेगळी तऱ्हा. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना चिठ्ठी बांधून त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. कर्मचारी त्या गोळा करतात आणि सकाळी धक्क्यावरच्या इमारतीत एका जागी मांडतात. तिथे आपली बॅग शोधायची. आणि लग्नाच्या हॉलमधल्या चपलांसारख्या सगळ्यांच्या बॅगा सारख्याच काळ्या! आपली बॅग आपणच उचलून नेणार असू तर बहुतेक जहाजांवर अशा प्रवाशांना आधी सोडतात. म्हणून बॅग लहान घ्यावी, चाकाची घ्यावी आणि तिच्या मुठीला जुन्या साडीची लाल किनार बांधावी. हा शहाणपणा कुठल्या माहितीपत्रकात छापलेला नसतो, पण अर्धा तास वाचवतो.

जहाजावरच्या खर्चाचा हिशेबही आदल्या रात्रीच मिटवावा. कुणी कॉफी घेतलेली असते, कुणी फोटो काढून घेतलेला असतो. सकाळी सगळेच त्या खिडकीसमोर उभे राहतात.

आता गणित करा. जहाज आठला लागलं. उतरणं आणि सामान मिळून दीड-दोन तास धरा, म्हणजे दहा वाजले. गाडी मिळून विमानतळावर पोहोचेपर्यंत मुंबईच्या गर्दीत सव्वा ते दीड तास, म्हणजे साडेअकरा. देशातल्या विमानासाठीही सामान द्यायची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि चढायचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी. ज्यांनी विमानतळ पूर्वी पाहिलेला नाही त्यांनी दोन तास हाताशी ठेवलेच पाहिजेत. म्हणजे दीडच्या आधीचं विमान घेण्यात अर्थ नाही. दहा वाजून दहा मिनिटांचं तर सोडाच, बाराचंही मी घेऊ देणार नाही.

मुंबईत विमानतळ कोणता?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. "मुंबईचं विमान" एवढं म्हणून आता भागत नाही. क्रूझची जहाजं दक्षिण मुंबईत बॅलार्ड पिअरला लागतात. इंदिरा गोदीच्या त्या भागातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं. तिथून जुना विमानतळ, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, पंचवीसेक किलोमीटर. त्यातही टर्मिनल १ सांताक्रूझ बाजूला आणि टर्मिनल २ सहारला. एकातून दुसऱ्यात जायचं तर रस्त्याने वळसा पडतो. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत. तो अगदी वेगळ्या दिशेला, खाडीपलीकडे, बंदरापासून चाळीसेक किलोमीटरवर. दोन्ही शहरांच्या नावांत "मुंबई" आहे म्हणून घोटाळा होतो. तिकिटावर तीन इंग्रजी अक्षरं असतात, ती बघायची. बीओएम असेल तर जुना विमानतळ आणि एनएमआय असेल तर नवी मुंबई. तिकीट हातात आल्याबरोबर ही तीन अक्षरं आणि टर्मिनलचा आकडा लाल पेनाने गोल करून ठेवा.

गोव्यातही हाच घोळ आहे. काही जणी जातानाच जहाजाने जातात आणि गोव्याहून विमानाने परततात. जहाज लागतं मुरगाव बंदरात. तिथून दाबोळी विमानतळ अगदी जवळ, वास्कोच्या पलीकडेच. पण जानेवारी २०२३ पासून मोपालाही विमानं उतरतात आणि मोपा आहे गोव्याच्या उत्तर टोकाला. मुरगावहून तिथे जायला दीड तास सहज मोडतो. "गोव्याचं स्वस्त तिकीट मिळालं" म्हणून आनंदाने घेतलं आणि ते मोपाचं निघालं, तर टॅक्सीत ती सगळी बचत जिरते.

मुंबईत बंदरावरून निघायच्या वाटा आता पूर्वीपेक्षा बऱ्या झाल्या आहेत. भाड्याची गाडी केली तर ती बहुधा पूर्व मुक्त मार्गाने, म्हणजे ज्याला मुंबईकर ईस्टर्न फ्रीवे म्हणतात त्या रस्त्याने चेंबूरपर्यंत बिनसिग्नलची जाते आणि मग सहारकडे वळते. नवी मुंबईला जायचं तर शिवडीहून अटल सेतू आहे. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. लांबी जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावरून. त्याला टोल आहे. सुरू झाला तेव्हा मोटारीला एकेरी अडीचशे रुपये होता. म्हणून गाडी ठरवताना "टोल धरून की सोडून?" हे आधीच विचारायचं. भाव ठरवायला आपल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. बाजारात मेथीच्या जुडीसाठी जो बाणा दाखवतो तोच टॅक्सीवाल्यापुढे दाखवायचा!

तिसरी वाट भुयारी मेट्रोची. कफ परेडपासून आरेपर्यंतची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिचं एक स्थानक सीएसएमटीला आहे, बंदरापासून टॅक्सीने दहा मिनिटांच्या अंतरावर. आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना वेगवेगळी स्थानकं आहेत. भाडं शंभर रुपयांच्या आत, वर ट्रॅफिकची धास्ती नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही बारा जणी गेलो होतो. त्यातल्या पाच जणींना विमानाने यायचं होतं, त्या मेट्रोनेच गेल्या. सरकत्या जिन्याला दोघी बिचकत होत्या, तर तिथल्या एका मुलीने लिफ्ट दाखवली. बॅग आपल्याला उचलता येण्याजोगी असेल तर यासारखी वाट नाही. चार-चार बॅगा आणि काजूची पोती असतील तर मात्र टॅक्सीच करा.

बोट आणि बाई

कुणी म्हणेल, एवढी दगदग करून बायकांना जहाजात जायचंच कशाला? त्यांना मी एवढंच सांगीन की हे काही आजचं खूळ नाही. १८८३ साली पंडिता रमाबाई आपल्या चिमुकल्या मनोरमेला घेऊन मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेही नवऱ्याशिवाय. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं होतं. कोकणातल्या बायका तर पिढ्यान्‌पिढ्या बोटीने मुंबईला येत-जात राहिल्या. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्या नवऱ्याच्या बिऱ्हाडी चालल्या होत्या. बाई कामासाठी, देवासाठी, बाळंतपणासाठी निघाली तर चालतं. स्वतःच्या आनंदासाठी निघाली की मगच गणितं सुचतात, नाही का?

आणि एक गंमत सांगते. त्या काळी बोटीतून उतरणाऱ्यांची सोय आपल्यापेक्षा बरी होती म्हणायची! बॅलार्ड पिअरला धक्क्यालगतच रेल्वेचं स्थानक होतं. विलायतेची टपालाची बोट लागली की साहेबलोक तिथूनच गाडीत बसायचे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामात त्या स्थानकातून सुटत असे. म्हणजे बोट आणि गाडी यांची वेळ जुळवायची असते, हे शंभर वर्षांपूर्वी कळत होतं. आज आपल्याकडे नवं टर्मिनल आहे, सेतू आहे, मेट्रो आहे. जहाज लागतं त्या सकाळी धक्क्यापासून मेट्रो स्थानकापर्यंत आणि दोन्ही विमानतळांपर्यंत ठरावीक भाड्याची बस मिळावी, तीत सामानाला जागा असावी आणि वेळेचा फलक मराठीत असावा, ही मागणी काही फार मोठी नाही. साहेबाला जी सोय मिळाली ती आमगावच्या ताईला का मिळू नये?

खरा प्रश्न चुलीचा

पण रस्ते कितीही झाले तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. सकाळचंच विमान का?

मी बऱ्याच जणींना हे विचारलं. पहिलं उत्तर येतं, "स्वस्त मिळतं जी." खरंच असतं कधीकधी, हजार-पाचशेचा फरक पडतो. पण जरा खोदून विचारलं की खरं उत्तर बाहेर येतं. "चार दिवस झाले, आता आणखी एक रात्र कशी सांगायची?" "सासूबाईंचं पथ्य असते." "हे म्हणतात, संध्याकाळपर्यंत ये म्हणजे झालं." एक जण तर म्हणाली, "मी गेली हेच खूप झालं, आता वेळेवर पोचली नाही तर पुढच्या वेळी कोण जाऊ देईल?"

म्हणजे पाहा, विमानाची वेळ विमान कंपनी ठरवत नाही की जहाजही ठरवत नाही. ती ठरवते घरची चूल. आणि चुलीला बंदराची शिडी, मुंबईचं ट्रॅफिक, खिडकी बंद व्हायची वेळ यांतलं काहीच माहीत नसतं. चार दिवस मोकळं राहिल्याचं ओझं मनावर असतं. ते उतरवायला आपण परतीच्या दिवशी धावत सुटतो आणि त्या धावण्यातच अडखळतो.

घरातले पुरुष लग्नाला, कामाला, मित्रांबरोबर बाहेरगावी जातात तेव्हा "उद्या येतो" म्हणून फोन येतो की नाही? तेव्हा कुणी घड्याळ लावून बसत नाही. मी भांडण लावत नाही बरं का. आमच्याही घरी सगळं सहज झालं असं नाही. पण मी निघतानाच सांगितलं होतं की जहाज ज्या दिवशी लागेल त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी येईन. तारीख आधी सांगितली की घरचे कुरकुरतात, पण सोय लावतात. आणि तारीख कमी सांगून मग उशीर झाला तर तेच घरचे बोलतात. निघताना हात राखून सांगितलेली तारीख परतीच्या दिवशी फार कामाला येते.

आपल्यासाठी आणखी एक वाट

गोंदियाकरणींसाठी तर माझं आणखी एक सांगणं आहे. विमान हवंच कशाला? बॅलार्ड पिअरहून सीएसएमटी स्टेशन हाकेच्या अंतरावर. तिथून संध्याकाळी सातच्या सुमारास विदर्भ एक्स्प्रेस सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट आपल्या गोंदियाला आणून सोडते. तिरोड्याच्या बाईला तर आणखी आधी घरी जाता येतं. स्टेशनवरच्या सामानघरात कुलूप लावलेल्या बॅगा ठेवायच्या आणि सबंध दिवस मुंबई बघायची. मुंबादेवीचं दर्शन, फुले मंडई, वस्तुसंग्रहालय, गेटवे. आम्ही सात जणी अशाच आलो. धावपळ नाही, खिडकी बंद व्हायची भीती नाही. रात्री डब्यात चिवडा-शेव काढली आणि जहाजावरच्या जेवणापेक्षा तिलाच जास्त चव आली!

विमानाने नागपूरला उतरलं तरी प्रवास संपत नाही, हेही विसरू नका. सोनेगावच्या विमानतळावरून रेल्वे स्टेशन गाठायचं आणि तिथून रेल्वेने पुढे सव्वाशे-दीडशे किलोमीटर यायचं. आपलं गोंदिया हावडा मार्गावरचं जंक्शन असल्यामुळे गाड्या पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२२ पासून तर दुपारी नागपूरहून निघणारी वंदे भारतही गोंदियाला थांबते, मात्र आठवड्यातला एक दिवस ती नसते. पण पुढे देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावला जायचं असेल तर शेवटची एसटी किती वाजता, हा हिशेब विमानाच्या तिकिटाआधी करायचा. एसटीत मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे, पण रात्री बसच नसेल तर ती सवलत काय कामाची? आपल्या बिरसीच्या विमानतळाचंही तसंच. २०२२ मध्ये तिथून प्रवासी विमान सुरू झालं आणि काही महिन्यांतच थांबलं. मग डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादचं सुरू झालं. म्हणून बिरसीच्या भरवशावर सहल आखताना त्या आठवड्यात विमान आहे की नाही, ते बघूनच पैसे भरा.

आणि ज्यांना काही कारणाने सकाळचंच विमान घ्यावं लागणार, त्यांनी ते त्याच सकाळचं न घेता दुसऱ्या सकाळचं घ्यावं. एक रात्र मुंबईत राहायचं. नातेवाईक असतील तर उत्तम, पण ते राहतात डोंबिवलीला आणि विमान सहारहून पहाटे सहाचं, असं होऊ देऊ नका. फक्त बायकांचा गट असेल तर मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं अतिथीगृह आहे, तशी जागा आधी विचारून ठेवावी. खोलीचं भाडं चौघीत वाटलं तर चुकलेल्या तिकिटाच्या निम्म्यानेही पडत नाही. पहाटेची गाडी रात्रीच ठरवावी. आणि ११२ हा नंबर प्रत्येकीच्या पाठ असावा, फक्त गटाच्या पुढारणीच्या नव्हे.

क्रूझ काय सगळ्याच करणार आहेत?

हे वाचताना कुणीतरी नक्की म्हणेल, "बाई, आमच्या जिल्ह्यात बिड्या वळणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या बायका, आणि तुम्ही क्रूझच्या गोष्टी काय सांगता?" प्रश्न रास्त आहे. बचत गटांत फिरताना मला याची जाणीव रोज होते. पण म्हणूनच सांगते, हे गणित क्रूझवालीपुरतं नाही. वांद्र्याला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात आपल्या गटांच्या बायका माल घेऊन जातात. परेलला टाटा रुग्णालयात कुणाला तपासणीला घेऊन जावं लागतं. कुणाची लेक पुण्याला नोकरीला असते आणि ती आईचं पहिलंवहिलं विमानाचं तिकीट काढते, नेमकं सकाळी सातचं! ती आई केशोरीहून रात्री कशी निघणार? कुठे थांबणार? मुलीला वाटतं, आईला लवकर बोलावलं. आईची मात्र अख्खी रात्र स्टेशनच्या बाकावर पदर गच्च धरून बसण्यात जाते.

या सगळ्या जणींचा प्रश्न एकच आहे. एक वाहन सोडून दुसरं पकडायच्या मधला जो वेळ असतो, तो कुणी मोजत नाही. आणि बाईच्या प्रवासात अडचण येते ती नेमकी तिथेच. जहाजात ती सुरक्षित असते, विमानात सुरक्षित असते. अवघड असते ती मधली वाट. तिथे अनोळखी टॅक्सी असते, बंद खिडकी असते, शौचालय शोधावं लागतं, मोबाईलची बॅटरी संपलेली असते. म्हणून आमच्या गटांच्या बैठकीत मी आता हिशेबाच्या वहीसारखीच प्रवासाची वही ठेवायला सांगते. डावीकडे लिहायचं, किती वाजता उतरणार. उजवीकडे, पुढचं वाहन किती वाजता. आणि मधल्या रकान्यात लिहायचं, मधे काय काय करायचं आहे आणि त्याला किती वेळ लागेल. मधला रकाना भरल्याशिवाय तिकिटाचे पैसे द्यायचे नाहीत, असा नियमच केला आहे. चौथी शिकलेल्या बायकाही तो रकाना एजंटपेक्षा बरोबर भरतात. कारण भात शिजायला किती वेळ लागतो, हे त्यांना झाकण न उघडता कळतं!

आमगावच्या त्या आठ जणी पुन्हा जाणार म्हणतात. या वेळी एजंटने पुन्हा सकाळचंच विमान दाखवलं, तेव्हा त्यांच्यातली सर्वांत गरीब स्वभावाची बाई म्हणाली, "भाऊ, ते तुमच्यापाशी ठेवा. आम्हाला दुपारी तीननंतरचं दाखवा." मला वाटतं, त्यांच्या पहिल्या सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले.

तेव्हा मैत्रिणींनो, जहाजात जरूर बसा, समुद्र पोटभर बघा. पण परतीचं तिकीट काढताना स्वयंपाकघराकडे न बघता घड्याळाकडे बघा. एका संध्याकाळचा स्वयंपाक घरच्यांना जमतो. चार दिवस त्यांनी तो केलेलाच असतो!